एकच ग्लुटामेट, मग रिसेप्टर दोन कशाला?

खानापूरचा_मास्तर
नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या एका पीयू (अकरावी-बारावीच्या) कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पुढच्या महिन्यात विज्ञान मंडळात मराठीतून तासाभराचं व्याख्यान द्यायचं आहे. विषय मीच मागून घेतला: मेंदूतले उत्तेजक सिनॅप्स, म्हणजे एक चेतापेशी दुसरीला निरोप देऊन चेतवते ते जोड.

आपल्या पोरांच्या डोक्यात सिनॅप्स म्हटलं की ॲसिटिलकोलीन हेच निरोप नेणारं रसायन बसलेलं असतं. पण मेंदूच्या आत एक चेतापेशी दुसरीला चेतवते तेव्हा बहुतेक वेळा तो निरोप ग्लुटामेट नावाच्या रेणूचा असतो, आणि त्याबद्दल पोरांना जवळजवळ काहीच ठाऊक नसतं. याची मला मनापासून खंत आहे.

माझा प्रश्न असा. एकाच सिनॅप्सवर, एकाच ग्लुटामेटसाठी, ॲम्पा आणि एनएमडीए असे दोन जातींचे रिसेप्टर, म्हणजे निरोपाचा रेणू धरणारी प्रथिनं, शेजारी शेजारी बसलेले असतात. दोन्ही मुळात आयनांचे मार्गच, म्हणजे चॅनेल. ॲम्पा ग्लुटामेट लागला की उघडतो. एनएमडीएच्या मार्गात मात्र मॅग्नेशियम अडकलेलं असतं आणि पेशीचा व्होल्टेज चढला की ते सुटतं, असं पुस्तकं एका ओळीत सांगून मोकळी होतात. पोरं विचारणार: अडकतं का? व्होल्टेजनं सुटतं कसं? कॅल्शियमवरही दोनच धन प्रभार, मग ते का अडकत नाही? आणि मुळात दोन रिसेप्टर कशाला?

माझं मत असं की 'स्मरणशक्तीचा रेणू' वगैरे मोठे शब्द न वापरता हे सगळं बारावीच्या विद्युतशास्त्रावर सांगता येतं, आणि तसंच सांगायला हवं. जाणकारांनी मदत करावी.

येळ्ळूरकर
सर, व्याख्यान कधी, कुठं ते सांगा की ओ. पोरगीला घेऊन येतो.

टिळकवाडी_फिजिओ
फार चांगला विषय घेतलात, सर. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते, तिथंही हा भाग पंधरा मिनिटांत उरकला जातो.

सुरुवात इतिहासापासून करा, पोरांना आवडेल. १९५४ साली जपानमध्ये हयाशी यांनी ग्लुटामेट कुत्र्यांच्या मेंदूत दिल्यावर झटके येतात असं दाखवलं. पुढं ऑस्ट्रेलियात कर्टिस, फिलिस आणि वॉटकिन्स यांनी मज्जारज्जूतल्या चेतापेशींवर ग्लुटामेट सोडून त्या पेटतात, म्हणजे विद्युत संदेश सोडू लागतात, हे नोंदवलं. तरी पुढची कित्येक वर्षं लोक मानायला तयार नव्हते. कारण ग्लुटामेट पेशीत सगळीकडे असतं, प्रथिनांत असतं, चयापचयात असतं. इतका सामान्य पदार्थ निरोप्या कसा असेल, हा आक्षेप. खरं उत्तर असं की पेशीच्या आत ते भरपूर असतं, पण बाहेरच्या द्रवात ते अत्यंत कमी ठेवलेलं असतं. शेजारच्या ग्लिया पेशी ते सतत खेचून घेतात. एक ग्लुटामेट आत ओढायला तीन सोडियम आणि एक प्रोटॉन सोबत आत घ्यावे लागतात, एक पोटॅशियम बाहेर टाकावं लागतं. मेंदू एवढा खर्च करतो तो बाहेर शांतता राहावी म्हणून. शांतता असेल तरच निरोप ऐकू येतो.

खानापूरचा_मास्तर
ताई, हे टिपून घेतलं. निरोप येतो तेव्हा ग्लुटामेट किती वेळ आणि किती प्रमाणात असतं?

वडगावचा_पोऱ्या
सर, मी मूळचा वडगावचा, सध्या बेंगळुरात पीएचडी करतोय. रोज सकाळी उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर पॅच क्लॅम्प (पेशीचा किंवा एकेका चॅनेलचा प्रवाह मोजायची बारीक काचनळी) लावून बसणं हेच काम, त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही.

एका पुटिकेत, म्हणजे निरोप देणाऱ्या पेशीच्या टोकातल्या इवल्या पिशवीत, ग्लुटामेटचे काही हजार रेणू असतात. दोन पेशींमधली फट जेमतेम २० नॅनोमीटर. पुटिका फुटली की फटीतलं प्रमाण क्षणात सुमारे १ मिलिमोलरवर जातं आणि साधारण एका मिलिसेकंदात ओसरतं. क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली हा अंदाज फार सुंदर रीतीनं काढला. एवढ्या थोडक्या वेळेत दोन्ही रिसेप्टरांना आपापलं काम करायचं असतं, आणि दोघांचा स्वभाव इथंच वेगळा पडतो.

ॲम्पाची ग्लुटामेटवरची पकड ढिली. पटकन उघडतो, ग्लुटामेट गेलं की एकदोन मिलिसेकंदांत मिटतो. ग्लुटामेट तसंच राहिलं तरी काही मिलिसेकंदांत तो बधिर होतो. याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. एनएमडीएची पकड घट्ट. काही मायक्रोमोलर ग्लुटामेटही त्याला पुरतं. फट रिकामी झाली तरी धरलेला रेणू तो सोडत नाही, त्यामुळं त्याचा प्रवाह दहापट-शंभरपट जास्त वेळ टिकतो. शिवाय त्याला एकट्या ग्लुटामेटवर भागत नाही, सोबत ग्लायसिन किंवा डी-सेरिन लागतं. ग्लायसिनची ही गोष्ट १९८७ साली जॉन्सन आणि आशर यांच्या लक्षात आली.

आता मॅग्नेशियम. १९८४ साली पॅरिसमध्ये नोवाक, आशर वगैरे मंडळींनी आणि अमेरिकेत मेयर, वेस्टब्रूक, गथ्री यांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट सांगितली. बाहेरच्या द्रवातून मॅग्नेशियम काढलं की एनएमडीएचं व्होल्टेजवर अवलंबून असणं जवळजवळ नाहीसं होतं. म्हणजे ही करामत प्रथिनाच्या झडपेची नाही, बाहेरून येऊन अडकणाऱ्या आयनाची आहे. एका चॅनेलचा प्रवाह बघितला तर मॅग्नेशियम असताना तो फडफडतो. आयन येतो, अडकतो, जातो, पुन्हा येतो. पडद्यावर हे पहिल्यांदा बघितलो तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि हे बघता येतं ते नेहर आणि साकमन यांनी १९७६ साली काढलेल्या पॅच क्लॅम्पमुळं. १९९१ चं नोबेल त्यांना उगाच नाही मिळालं.

हिंडलगा_रोड
मी निवृत्त विद्युत अभियंता. जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं, पण व्होल्टेजची गोष्ट निघाली म्हणून लिहितो.

पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा ७० मिलिव्होल्ट कमी. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पेशीच्या आवरणाची, म्हणजे पटलाची, जाडी सुमारे ५ नॅनोमीटर धरा आणि भागाकार करा: मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. कोरडी हवा मीटरला साधारण ३० लाख व्होल्टला फुटते आणि ठिणगी पडते. म्हणजे आपल्या प्रत्येक चेतापेशीचं पटल हवेला न झेपणारं विद्युतक्षेत्र दिवसरात्र पेलत असतं. मास्तर, पोरांना आधी हा भागाकार फळ्यावर करायला लावा. मग दोन धन प्रभारांचा आयन त्या क्षेत्रात शिरल्यावर आत खेचला जाणार, हे वेगळं समजवावं लागणार नाही. आत जायचा प्रयत्न करतो, पुढं वाट अरुंद, तिथंच बसतो. आतला व्होल्टेज वर आला की खेचणारं बळ घटतं आणि तो बाहेर निसटतो. बस, एवढंच आहे.

पोऱ्यानं मला खासगीत जार आणि स्टीव्हन्स यांचं १९९० चं सूत्र पाठवलं, त्याबद्दल आभार. मोकळ्या मार्गांचा अंश = १ भागिले (१ + ई चा (−०.०६२ गुणिले व्होल्टेज) घात, गुणिले मॅग्नेशियम, भागिले ३.५७). व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये, मॅग्नेशियम मिलिमोलरमध्ये. मॅग्नेशियम १ धरून कॅल्क्युलेटरवर काढलं. −७० ला मोकळे सुमारे ४ टक्के. −४० ला २३ टक्के. −२० ला ५१ टक्के. शून्याला ७८ टक्के. बारावीचा कुठलाही पोर हे करू शकतो.

चिकोडी_एक्सप्रेस
म्हणजे शून्याला सगळ्यात जास्त मोकळे, तर सगळ्यात जास्त करंटही शून्यालाच वाहणार. बरोबर ना काका?

हिंडलगा_रोड
नाही. मार्ग मोकळा असणं वेगळं आणि वाहणं वेगळं. उसाच्या पाटाचं दार पूर्ण उघडलं, पण दोन्ही बाजूंना पाण्याची पातळी सारखी असली तर पाणी हलतं काय? या चॅनेलसाठी ती 'सारखी पातळी' शून्य मिलिव्होल्टच्या आसपास येते. म्हणून मोकळा अंश गुणिले शून्यापासूनचं अंतर, असा गुणाकार करायला हवा. −७० ला सुमारे ३. −४० ला ९. −३० ला साधारण १०.७. −२० ला १०. शून्याला शून्य. सर्वात जास्त प्रवाह −३० ते −२५ च्या दरम्यान.

आता गंमत बघा. साध्या रोधात −७० वरून −३० कडे आलात तर प्रवाह कमी व्हायला हवा. इथं तो तिपटीनं वाढतो. आमच्या भाषेत हा ऋण उताराचा पट्टा. असा घटक परिपथात असला की थोडा धक्का मोठा होतो. नोकरीत असे घटक हाताळले होते, पण ते डोक्यातही बसलेले असतील असं कधी मनात आलं नव्हतं.

चिकोडी_एक्सप्रेस
आता कळ्ळं. पाटाचं उदाहरण एकदम पटलं.

वडगावचा_पोऱ्या
काका, तुमच्या ऋण उताराच्या पट्ट्यावर अख्खे शोधनिबंध आहेत. चेतापेशीच्या बारीक फांदीवर जवळजवळचे सिनॅप्स एकदम चालू झाले की याच पट्ट्यामुळं त्या फांदीत जोरदार उसळी येते. तिला एनएमडीए स्पाइक म्हणतात.

एक दुरुस्ती मात्र सुचवतो. 'आत जातो, अरुंद जागी बसतो' हे चित्र व्याख्यानाला ठीक आहे. सूत्रातला ०.०६२ म्हणजे दर १६ मिलिव्होल्टला ई-पट बदल. दोन प्रभारांचा आयन अख्खं क्षेत्र ओलांडून बसला असता तर दर साडेबारा मिलिव्होल्टला ई-पट बदल दिसला असता. यावरून 'मॅग्नेशियम क्षेत्राच्या सुमारे ८० टक्के खोलीवर बसतं' असा हिशेब पूर्वी मांडला जायचा. पण मॅग्नेशियमला धरून ठेवणारी ॲस्पॅराजिन अमिनो आम्लं मार्गाच्या साधारण मध्यावर आहेत. त्याच मार्गातून ये-जा करणारे सोडियम-पोटॅशियम मॅग्नेशियमला ढकलतात, रोखतात, आणि त्यामुळं व्होल्टेजचा परिणाम खऱ्या खोलीपेक्षा जास्त दिसतो. म्हणून ८० टक्के हा विजेचा हिशेब समजावा, मोजपट्टीचा नाही.

हिंडलगा_रोड
मुद्दा रास्त आहे. तरी पोरांना पहिल्या तासाला १६ आणि साडेबारा हे दोन आकडे शेजारी ठेवूनच दाखवावेत असं मी म्हणेन. दोन आकड्यांच्या फरकातून अणूच्या जागेविषयी काहीतरी कळतं, हे कळणं महत्त्वाचं. बारकावे दुसऱ्या तासाला.

वडगावचा_पोऱ्या
चालेल काका. फक्त 'खोली' हा शब्द टाळा, माझी एवढीच विनंती.

खानापूरचा_मास्तर
दोघांचेही आभार. कॅल्शियमचा प्रश्न राहिला.

वडगावचा_पोऱ्या
त्याचं मोठं कारण पाणी. द्रावणातला प्रत्येक आयन पाण्याचे रेणू अंगाला लपेटून फिरतो. मॅग्नेशियम आकारानं लहान, त्यामुळं त्याचा प्रभार पाण्याला फार घट्ट धरतो. कॅल्शियम मोठा, त्याच्याभोवतालचं पाणी हजारपटीहून जास्त वेगानं बदलत राहतं. अरुंद जागेतून जायचं तर अंगावरचं पाणी निदान थोडं सोडावं लागतं. कॅल्शियम सोडतो आणि पार होतो. मॅग्नेशियमला ते जमत नाही, तो त्या अरुंद जागेच्या तोंडाशी अडकतो. एनएमडीएतून वाहणाऱ्या प्रवाहातला सुमारे दहावा हिस्सा कॅल्शियमचा असतो, आणि तेवढा पुरतो.

ॲम्पाची गोष्ट याच जागेवरून सुरू होते. ग्लूए२ नावाच्या घटकात त्या जागी आर्जिनिन बसतं, धन प्रभाराचं. ते असलं की कॅल्शियमला बंदी. आणि हे आर्जिनिन जनुकात लिहिलेलंच नाही! जनुकात ग्लुटामिनचा संकेत आहे. आरएनए तयार झाल्यावर एक एन्झाइम त्यातलं एक अक्षर बदलतं. झीबुर्ग यांच्या गटानं १९९१ साली हे दाखवलं. एका अक्षरावर कॅल्शियम आत जाणार की नाही ते ठरतं. सर, हे व्याख्यानात नक्की घ्या.

शहापूर_पेठ
मी हा धागा सुरुवातीपासून वाचालेय, निम्मं कळतं, निम्मं पुन्हा वाचते. पण एक विचारू? ग्लुटामेट म्हणजे अजिनोमोटोच ना? आमच्या गल्लीत संध्याकाळी गोबी मंच्युरीच्या गाड्यावर पोरांची झुंबड असते. ते खाऊन मेंदूत ग्लुटामेट वाढतं काय?

टिळकवाडी_फिजिओ
ताई, प्रश्न अगदी योग्य आहे, नीट उत्तर देते.

होय, तोच पदार्थ, सोडियमचा क्षार. १९०८ साली जपानमध्ये इकेदा यांनी कोंबू नावाच्या समुद्रशैवालातून तो चवीसाठी वेगळा काढला. पिकलेल्या टोमॅटोतही तो असतो. खाल्लेलं बहुतेक ग्लुटामेट आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरून टाकतात. जे रक्तात पोचतं त्याला मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत सहजासहजी आत सोडत नाही. मघाशी ज्या शांततेबद्दल लिहिलं ती राखायला ही भिंतही लागते.

भीती पसरली त्यालाही कारण आहे. १९६९ साली ओल्नी यांनी नवजात उंदरांना ते टोचलं तेव्हा मेंदूच्या एका भागातल्या पेशी मेल्या. पण ते टोचून दिलेलं, मोठ्या मात्रेत, आणि पिल्लांना. त्या कामातून खरी मोठी गोष्ट कळली ती वेगळी: ग्लुटामेटनं पेशी अति चेतवली तर ती मरते. पक्षाघातात रक्त तुटलं की पेशींची ऊर्जा संपते, ग्लुटामेट खेचणारे पंप उलटे चालू लागतात, फटीत ग्लुटामेट साचतं, आणि एनएमडीएतून कॅल्शियमचा लोंढा आत जातो. म्हणून पक्षाघाताच्या रुग्णाला घरी 'बघूया सकाळपर्यंत' म्हणून ठेवू नका. हात-पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं की तडक दवाखाना.

कॅम्पातली_मावशी
मग गोबी मंच्युरीवर सरकारनं बंदी कशाला घातली?

टिळकवाडी_फिजिओ
मावशी, २०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं बंदी घातली ती त्यातल्या कृत्रिम रंगांवर. ग्लुटामेटशी तिचा संबंध नाही.

निपाणीचा_पाटील
आमचा भाग तंबाखूचा, म्हणून विचारतो. निकोटीन पण ह्याच रिसेप्टरवर बसतं काय?

वडगावचा_पोऱ्या
नाही पाटील. निकोटीन बसतं ॲसिटिलकोलीनच्या एका जातीच्या रिसेप्टरवर. पण शेतीतलं एक पीक मात्र थेट आपल्या विषयातलं आहे: लाख, म्हणजे खेसारीची डाळ. विदर्भात लाखोळी म्हणतात. तिच्यात ओडॅप नावाचं अमिनो आम्ल असतं आणि ते थेट ॲम्पा रिसेप्टर चेतवतं. दुष्काळात महिनोन्‌महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली की मेंदूकडून पायांकडे हुकूम नेणाऱ्या चेतापेशी निकामी होतात, पाय ताठरतात, चालणं कायमचं अडतं. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली.

भालकीकर
आमच्या आजी सांगायच्या, लाख रात्रभर भिजवून ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. त्यात तथ्य आहे का?

टिळकवाडी_फिजिओ
आहे. ओडॅप पाण्यात विरघळतं, त्यामुळं भिजवून ते पाणी टाकलं की प्रमाण बरंच कमी होतं. पूर्ण जात नाही. पोटाला दुसरं काहीच नसताना रोज तीच खाल्ली तर धोका राहतोच.

पीएचसी_सिस्टर
सगळ्यांना नमस्कार. मॅग्नेशियम म्हटलं म्हणून लिहिते. मी खानापूर भागात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. गरोदरपणात बीपी वाढून झटके आले की आम्ही पहिल्यांदा मॅग्नेशियम सल्फेटच देतो. ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, मग दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम खोल, आणि पुढं पाठवायची तयारी. जंगलाकडच्या वाड्यांतून बाई येईपर्यंतच उशीर झालेला असतो, तेव्हा ह्या इंजेक्शनचा किती आधार असतो ते आम्हालाच ठाऊक. तर ते मॅग्नेशियम मेंदूत जाऊन ह्याच एनएमडीएला अडवतं काय?

टिळकवाडी_फिजिओ
सिस्टर, तुमच्यासारख्यांमुळं बायका वाचतात.

२००२ साली मॅगपाय नावाची मोठी चाचणी झाली, जगभरातल्या सुमारे दहा हजार बायकांवर. मॅग्नेशियम सल्फेटनं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. परिणामाबद्दल शंका नाही. कारणाबद्दल मात्र एकच बोट दाखवता येत नाही. एनएमडीए अडवणं हे एक संभाव्य कारण आहे. पण रक्तातून मेंदूत मॅग्नेशियम फार थोडं शिरतं. रक्तवाहिन्या सैल होणं हेही तितकंच महत्त्वाचं असू शकतं. मास्तर, व्याख्यानात 'मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एनएमडीएचं औषध' असं सरळ म्हणू नका.

आणि तुम्ही दर वेळी गुडघ्यावर हातोडी मारून बघता ना, ते वेगळ्याच सिनॅप्ससाठी. मॅग्नेशियम जास्त झालं की चेता-स्नायू जोडावर कॅल्शियम आत शिरायला अडतं, ॲसिटिलकोलीन कमी सुटतं, हातोडीनं गुडघा उडेनासा होतो, आणि त्यापुढं श्वास थांबायची भीती.

पीएचसी_सिस्टर
होय मॅडम. म्हणूनच उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट भरून शेजारीच ठेवतो. आता त्याचं कारणही कळलं.

चिकोडी_एक्सप्रेस
मी कुठंतरी वाचलो की लहान मुलांचा एनएमडीए वेगळा असतो. म्हणूनच आमच्याकडची पोरं घरात मराठी, शाळेच्या वाटेवर कन्नड आणि टीव्हीवर हिंदी अशा तीन भाषा एकदम उचलतात काय?

वडगावचा_पोऱ्या
पहिलं वाक्य बरोबर. एनएमडीए चार घटकांचा असतो. त्यातले दोन ग्लूएन१, त्यांवर ग्लायसिन बसतं. उरलेल्या ग्लूएन२ वर ग्लुटामेट. ग्लूएन२ च्या जाती असतात: पिल्लांच्या मेंदूत २बी जास्त, वय वाढेल तसं २ए वाढतं. २बी चा प्रवाह शेकडो मिलिसेकंद टिकतो, २ए चा काही दशक मिलिसेकंद. म्हणजे लहानपणी दोन घटनांना एकत्र बांधण्याची मुदत जास्त लांब असते. अंधारात वाढवलेल्या उंदरांच्या दृष्टी-केंद्रात हा बदल लांबतो आणि उजेड दाखवला की काही तासांत पुढं सरकतो.

टिळकवाडी_फिजिओ
पण तिथून तीन भाषांवर उडी मारू नका. उंदराच्या दृष्टीपासून बेळगावच्या पोराच्या कन्नडपर्यंतचा रस्ता फार लांब आहे आणि मधले टप्पे बांधलेले नाहीत. मुलं भाषा शिकतात कारण ती कानावर पडते, गल्लीत खेळायला ती लागते. तेवढं कारण भरपूर आहे.

चिकोडी_एक्सप्रेस
तरी संबंध शून्य म्हणता येणार नाही ना, मॅडम? शिकणं सिनॅप्सवरच होतं.

टिळकवाडी_फिजिओ
शून्य म्हणत नाही. पण २बी आणि २ए वरून कुठलं मूल किती भाषा शिकेल ते सांगता येत नाही, एवढं नक्की म्हणते.

येळ्ळूरकर
माझी पोरगी तीन भाषांत भांडते. तिचा २बी अजून भक्कम दिसतोय.

खानापूरचा_मास्तर
येळ्ळूरकर, तिला व्याख्यानाला आणाच. 😀

मंडळी, मूळ प्रश्नाकडे येऊ. अडकतं का, सुटतं कसं हे झालं. पण दोन कशाला? एकटा एनएमडीए का पुरत नाही?

वडगावचा_पोऱ्या
सर, एकटा एनएमडीए असलेले सिनॅप्स खरंच असतात, विशेषतः वाढत्या मेंदूत. त्यांना मूक सिनॅप्स म्हणतात. १९९५ साली दोन गटांनी ते दाखवले. पेशी −७० ला असताना ग्लुटामेट सुटतं, रिसेप्टरवर बसतं, आणि तरी काहीच वाहत नाही, कारण मॅग्नेशियम. पेशीला बाहेरून +४० पर्यंत चढवलं की त्याच सिनॅप्सवर प्रवाह दिसतो. म्हणजे निरोप पोचतो, पण वाचायला कुणी नसतं.

काकांच्या आकड्यांनी सांगायचं तर एनएमडीएला ४ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणायला कुणीतरी ५० मिलिव्होल्टचा धक्का द्यावा लागतो. तो धक्का ॲम्पा देतो. एका सिनॅप्सचा ॲम्पा सहसा पुरत नाही. शेजारचे बरेच एकदम चालू व्हायला हवेत, किंवा पेशी स्वतःच पेटून तो व्होल्टेज मागं फांदीवर यायला हवा. ॲम्पा 'ग्लुटामेट आलं' एवढं सांगतो. एनएमडीए 'ग्लुटामेट आलं आणि त्याच वेळी ही पेशीही चेतलेली होती' असं दोन्ही मिळून सांगतो. आणि तो सावकाश असल्यामुळं काही दशक मिलिसेकंदांचा फरक चालवून घेतो. पहिला वेगवान नसेल तर निरोपाची वेळ धूसर होईल. दुसरा सावकाश नसेल तर जोडी जुळायला मुदत मिळणार नाही. एकाच चॅनेलमध्ये हे दोन गुण एकत्र बसवता येणार नाहीत.

दोन्ही जुळले की कॅल्शियम आत येतं, कॅमकेटू नावाचं एन्झाइम जागं होतं, आणि त्याच सिनॅप्सवर ॲम्पाची संख्या वाढते. पुढच्या वेळी तोच निरोप मोठ्यानं ऐकू येतो. ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ साली सशाच्या मेंदूत जी टिकाऊ वाढ नोंदवली, तिच्यामागं हा क्रम आहे.

टिळकवाडी_फिजिओ
आणि मॉरिस यांचा १९८६ चा प्रयोग जोडा. एनएमडीए अडवणारं औषध मेंदूत सोडलेले उंदीर गढूळ पाण्याच्या हौदात लपलेला चौथरा शोधायला शिकताना अडखळले. ॲम्पा चालू होते, म्हणून पोहत होते, बघत होते. नव्यानं जागा लक्षात ठेवणं तेवढं अडलं. 'दोन कशाला' याचं ते सर्वात स्पष्ट उत्तर आहे असं मला वाटतं.

हिंडलगा_रोड
मास्तर, व्याख्यानाचा क्रम सुचवू का? आधी १ कोटी ४० लाखांचा भागाकार, मग सूत्रातून चार आकडे पोरांकडून काढून घ्या, मग आलेख फळ्यावर. नावं आणि सालं नंतर. आलेखाचा खड्डा त्यांच्या हातून निघाला पाहिजे.

खानापूरचा_मास्तर
तसंच करतो, काका. आज दोन विद्यार्थ्यांना सूत्र देऊन बघितलं. आलेख बरोबर काढला, आणि एकीनं विचारलं: मॅग्नेशियम निम्मं केलं तर? आणि काढूनच टाकलं तर? पेशी जास्त हुशार होईल का?

हिंडलगा_रोड
निम्म्याचं उत्तर सूत्रातच आहे. ०.५ घातलं तर −७० ला मोकळे सुमारे ८.५ टक्के, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दुप्पट, म्हणजे २ घातलं तर २.३ टक्के. शून्य घातलं तर सगळेच मोकळे. हुशारीचं पोऱ्या सांगेल.

वडगावचा_पोऱ्या
त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तिनं विचारलेला प्रयोग प्रयोगशाळांत नेहमी करतात. हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाचा काप ठेवलेल्या द्रवातून मॅग्नेशियम काढलं की थोड्या वेळानं सगळ्या पेशी एकदम, लयीत पेटू लागतात. अपस्माराचा अभ्यास करायची ती एक रुळलेली रीत आहे. एनएमडीए उघडायला आता कुणाच्या साथीची गरज उरत नाही, त्यामुळं कुठलीही दोन टोकं 'जुळलेली' दिसतात आणि त्याला काही अर्थ राहत नाही. तिला सांगा, −७० चे ते ४ टक्के पुन्हा काढ, आणि या वेळी मॅग्नेशियम ०.१ धर.

खानापूरचा_मास्तर
तिनं काढलं. ३२ टक्के आलं.

वडगावचा_पोऱ्या
बरोबर आहे.